कर्जतचे ते मालगाडीचे गार्ड

माझा दादा पाण्याला घाबरून मेला.

आज त्याच्या जाण्याचा दिवस. तो अकरा वर्षांचा होता, मी सहा. स्वातंत्र्य मिळायच्या आदल्या वर्षीची गोष्ट.

(मी सांगतेय, नात टाइप करतेय. ती मध्येच रडत बसते, म्हणून वेळ लागतोय.)

कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांपाशी आमचं गाव. पिसाळलेलं कुत्रं दादाच्या गालाला चावलं. मी त्याला सोडवायला गेले, तर माझ्या पोटरीला दात घासून गेला.

गावच्या भगताने दोघांना मुळी उगाळून पाजली आणि पथ्य घातलं. एकवीस दिवस वाहतं पाणी ओलांडायचं नाही.

दवाखाना नदीपलीकडे, कर्जतला.

आईने आणि बाने पथ्य अगदी काटेकोर पाळलं. मला त्याचा अजून संताप येतो.

एकोणिसाव्या दिवशी दादाला पाणी गिळवेना. तांब्या दिसला की किंचाळायचा.

मग मात्र बा त्याला पाठीवर घेऊन नदीत उतरला. दादा माझा हात सोडेना, म्हणून आई मला कडेवर घेऊन मागोमाग.

कर्जतच्या डॉक्टरांनी दारातूनच सांगितलं, मुंबईला न्या.

पॅसेंजर मिळाली. सुटणार एवढ्यात समोरच्या बाईंनी फिरकीचा तांब्या उघडला. दादा ओरडला, आणि अख्ख्या डब्याला कळलं काय झालंय ते.

लोकांनी आम्हाला खाली उतरवलं. ढकललं म्हणा ना. गाडी गेली.

पलीकडे घाट उतरून आलेली मालगाडी उभी होती. तिचे गार्ड सगळं बघत होते. बा धावत जाऊन त्यांच्या पाया पडला.

"सायेब, पोराला मुंबईला न्यायचं हाय. तुमच्या डब्यात घ्या."

"मालगाडीत माणसं घ्यायचा रूल नाही," म्हणत ते खाली उतरले. दादाकडे बघितलं. मग माझ्या पोटरीवरच्या फडक्याकडे.

"हिला काय झालं?"

"काय नाय, सायेब. त्याच कुत्र्याचा दात लागला. निसतं खरचटलंय."

"मग हिलाही घ्या."

आई मागे सरकली. "ती नाय येणार. आदीच नदी वलांडलीय. आता वाटेतली खाडी वलांडली तर पोर जाईल माजी."

गार्ड शांतपणे म्हणाले, "दोघांना घेतो. नाहीतर एकालाही नाही."

सिग्नल पडला.

बाने आईच्या कडेवरून मला हिसकावून घेतलं. आई प्लॅटफॉर्मवर तशीच बसली.

दादा दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईच्या दवाखान्यात गेला.

मला पोटात चौदा इंजेक्शनं दिली. दादाला अग्नी देऊन आलेला बा रोज मला धरून बसायचा.

माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी बाने सांगितलं. डब्यात चढताना गार्ड त्याच्या कानाशी म्हणाले होते, "मुलगा हातचा गेलाय. मी रूल मोडतोय तो या पोरीसाठी."

आईला हे सांगायची हिंमत बाला कधीच झाली नाही. खाडी ओलांडली म्हणूनच दादा गेला, असं ती शेवटपर्यंत म्हणायची. आणि त्या गार्डला शिव्या घालायची.

गार्डसाहेब, तुमची नोकरीही गेली असती. आमच्या घरात तुम्हाला मिळाल्या त्या शिव्या. नावसुद्धा कुणी विचारलं नाही.

मी पंच्याऐंशीची झाले. आभार मानायचे राहिले होते, ते आज मानते.

तुम्हीही केव्हाच गेला असाल. हात जोडते.

तिकडे दादा भेटला तर सांगा, तुझी बहीण आहे अजून.