साडूंची दुपारची रात्र

गेल्या माघात, आमच्या बोल्हेगावच्या नव्या घराचा स्लॅब ओतला त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी माझ्या थोरल्या साडूंकडून रोजचे दोन तास मागून घेतले, एकवीस दिवसांसाठी. हजर चौघे होतो: ते, मी, माझी बायको आणि तिची मोठी बहीण, म्हणजे अक्का. एकवीस दुणे बेचाळीस हा हिशेब तेव्हाच करायला हवा होता. मी तो केला नाही.

झोपेविषयी एवढं जाणणारा माणूस साऱ्या नगर जिल्ह्यात दुसरा नसेल. साडू बावीस वर्षं नागापूरच्या एमआयडीसीत रात्रपाळीला. रात्री अकरा ते सकाळी सात यंत्रापुढे उभं राहायचं आणि साडेआठ ते साडेतीन झोपायचं, याचं त्यांनी शास्त्रच बनवलं होतं. सकाळी गेटबाहेर पडताना ते काळा गॉगल लावत, थंडीत, ढगातसुद्धा. डोळ्यांत ऊन गेलं की अंगाला दिवस उजाडल्याचं कळतं, ते त्याला कळू द्यायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. मिरजगावला भावाच्या कलिंगडाच्या रानातून उरलेला काळा मल्चिंग पेपर आणून त्यांनी खोलीच्या खिडक्यांना डकवला होता. आत गेलं की स्वतःचा हात दिसत नसे. झोपताना मोबाईल ज्वारीच्या डब्यात पुरून ठेवत, त्यामुळे दुपारी त्यांना फोन केला की अक्कांच्या स्वयंपाकघरात ज्वारी गुरगुरायची. संध्याकाळी चारला ओट्यावर ब्रश करत उभे असत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "झाली का सकाळ?" विचारत.

नवीन कामगारांना ते गेटवर गाठून उपदेश करत. रात्री एकला पोटभर जेवायचं नाही, एक भाकरी आणि मुगाची उसळ, बस. पहाटे तीननंतर चहा नाही. "तीनच्या पुढचा चहा कुनी फुकट पाजला तरी पिऊ नका," ते सांगत, "त्याचं मोल झोपंनं द्यावं लागतं." आणि सगळ्यात मोठा नियम: डोळे जड असतील तर गाडीला किक मारायची नाही. गेटजवळच्या बाकावर वीस मिनिटं आडवं व्हायचं, मग निघायचं. ते स्वतः हा नियम इतका पाळत, की त्या बाकाला सगळे त्यांच्याच नावाने ओळखत.

एवढं शास्त्र असूनही त्यांना एक गोष्ट कधी जमली नाही, ती म्हणजे नाही म्हणणं. रात्रपाळीचा माणूस दिवसा घरीच असतो, म्हणजे मोकळाच असतो, असं आमच्या सगळ्या नात्यात पक्कं ठरलेलं. कुणाच्या आईला दवाखान्यात न्या, कुणाच्या गॅसची टाकी घ्या, पत्रिका द्यायला येणारे तर बरोबर एकला येणार. साडेबाराचा मुहूर्त म्हणजे त्यांची मध्यरात्र. पुतणीच्या लग्नात ते नवरदेवाच्या सोफ्यावर टेकले आणि झोपले. अल्बममध्ये सोळा फोटोंत नवरा-नवरीच्या मध्ये त्यांची मान कललेली आहे.

या सगळ्यांना मी हसत असे. आणि मीच त्यांच्याकडे गेलो. स्लॅबवर दुपारी पाणी मारावं लागतं, मी तर कचेरीत, हिशेबाच्या टेबलावर. मी म्हणालो, तुम्ही घरीच असता, बाराला एक चक्कर मारा, जाऊन-येऊन दोनच तास. साडू म्हणाले, "पाव्हणं, घर काय रोज बांधतंय का कुनी? मी हाय ना." संध्याकाळी मी स्लॅब पाहायला जाई, तर वर बांधलेल्या मातीच्या आळ्यांत पाणी काठोकाठ. एकदाही खाडा नाही. मी बायकोला सांगितलं, माणूस असावा तर असा.

एकोणीस पाणी झाली. विसाव्या दिवशी सकाळी ते बाकावर आडवे झाले नाहीत. थेट घरी गेलो तर पाण्याआधी तेवढीच वीस मिनिटं झोप जास्त मिळेल, एवढाच त्यांचा विचार. घराअलीकडच्या वळणावर गाडी सरळ दुभाजकावर गेली. खांद्याचं हाड मोडलं, गॉगल फुटला. दवाखान्यात मला पाहताच त्यांनी विचारलं, "आज पानी कोन मारनार?"

अक्का मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेल्या. आवाज चढवला नाही. "त्यांना न्हाई म्हनता येत न्हाई, हे समद्यांना ठावं हाय," त्या म्हणाल्या. "पर तुमी हिशेबाचं मानूस. तुमाला तरी मोजता येत हुतं ना?"

उरलेले दोन दिवस मी रजा टाकून पाणी मारलं. हाड जुळलं, पण यंत्रावर उभं राहणं संपलं. कंपनीने त्यांना दिवसाचं, स्टोअरमधलं काम दिलं. लोक म्हणाले, सुटले बिचारे. पण बावीस वर्षांनी रात्री झोप येईना. ते अंथरुणावर बसून राहत आणि कामावर पेंगत. आता झोपेची आशा फक्त रविवारी दुपारची, त्या काळ्या खोलीतली.

एकोणीस दुणे अडतीस, एवढे तास माझ्याकडे त्यांचं देणं निघत होतं. मी रविवारी साडेआठ ते साडेतीन त्यांच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसू लागलो. पत्रिका घेतल्या, वर्गणीवाले परतवले, गॅसच्या टाकीसाठी आलेल्या चुलत भावाबरोबर स्वतः गेलो आणि धावत परत आलो. पाच रविवार बहुतेक वेळ आतून कूस बदलल्याचा आवाज येई. कधी ते मधेच दार उघडून म्हणत, "पाव्हणं, जा आता घरी. न्हाई येत." मी जात नसे.

सहाव्या रविवारी साडेअकराला माझे अडतीस पुरे झाले. उठलो, तोच आतून घोरणं ऐकू आलं. मी पुन्हा बसलो.

एकूण बेचाळीस तास मी दिले. त्यातले साडूंना झोप म्हणून पोचले, अक्कांच्या अंदाजाने, नऊ.