आजीच्या नावाचा मिक्सर

माझ्या थोरल्या काकांचा बेळगावात, उद्यमबागेत मिक्सर बनवायचा कारखाना होता. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, पुढे ऑफिसची खोली आणि मागे वार्निश सुकवायचा ओव्हन. मिक्सरला आजीचं नाव दिलेलं होतं. एका बाजूला ते कन्नडमध्ये असायचं आणि दुसऱ्या बाजूला मराठीत. चिकोडीचा दुकानदार कन्नड बाजू पुढे करून मांडायचा, निपाणीचा मराठी.

बॉडी शेजारच्या फौंड्रीतून ओतून यायची. मोटरचं वाइंडिंग, म्हणजे तार गुंडाळायचं काम, मात्र शेडमध्येच व्हायचं आणि त्याला जवळच्या बेळगुंदी गावच्या बायका होत्या. सकाळच्या बसने यायच्या, शेतात भाताची लावणी असली की यायच्या नाहीत. आप्पा त्यावरून कधी बोलले नाहीत, कारण बेळगुंदीला आमचीही शेती होती आणि लावणीच्या दिवसांत तेही शेडवर नसायचेच. दर खेपेच्या मालातला एक मिक्सर ते घरी आणत. काकू त्यात सुकं खोबरं आणि वाळलेली संकेश्वरी मिरची फिरवत. बाहेर कट्ट्यावर बसलेल्या माणसांना ठसका लागला की आप्पा म्हणायचे, चालतोय.

देखणा नव्हता तो. जड होता, आवाज मोठा होता आणि रंग सरकारी दवाखान्याच्या भिंतीसारखा. पण आमच्या भागात वर्षाची चटणी, म्हणजे मसाला घातलेलं लाल तिखट, घरी करतात, आणि त्या कामाला तो टिकायचा. बिघडला तर लोक पिशवीत घालून शेडवर आणायचे आणि दुरुस्त करून न्यायचे.

मी कॉलेजात होते तेव्हा हे हळूहळू बदललं. एका दिवसात काही झालं नाही. दुकानदार म्हणू लागले की गिऱ्हाइकाला हलका, चकचकीत पाहिजे. आप्पांनी ओतीव बॉडी बंद करून प्लॅस्टिकची घेतली. मग भांडी बाहेरून यायला लागली, मग मोटर. चिकोडीचा दुकानदार तर सरळ म्हणाला, ‘रिपेरी ब्याडरी,’ दुरुस्ती नको, बिघडला तर पीस बदलून द्या. शेवटी दिल्लीकडून खोक्यांत बांधलेले तयार मिक्सरच येऊ लागले. शेडमध्ये त्यांच्यावर फक्त आजीच्या नावाचं स्टिकर लागायचं. वाइंडिंगच्या बायका एकेक करून गेल्या. घरात आम्ही अजून ‘आपला कारखाना’च म्हणत होतो. आप्पाही म्हणत होते.

माझं लग्न ठरलं ते निपाणीत. बघायला आले तेव्हा माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी आप्पांना आपण होऊन सांगितलं की त्यांच्या घरात आप्पांच्याच कारखान्यातला मिक्सर आहे, निपाणीच्या बाजारातून बऱ्याच वर्षांपूर्वी घेतलेला, आणि अजून दुरुस्तीसाठी एकदाही उघडलेला नाही. आप्पा त्या दिवशी जेवायला नीट बसले नाहीत, नुसते वाढत फिरत होते. बैठक जमली त्यात या मिक्सरचा किती वाटा होता कोण जाणे, पण थोडा असावा.

रुखवतात अर्थातच आजीच्या नावाचा नवा मिक्सर होता. तो घरी आल्यावर सासूबाईंनी जुना मिक्सर माझ्या नणंदेला देऊन टाकला.

पहिल्या उन्हाळ्यात चटणीचा दिवस आला. अंगणात मिरच्या वाळवलेल्या होत्या, शेजारच्या दोघी मदतीला आल्या होत्या. मी खोबरं फिरवलं, ते झालं. मिरचीची दुसरी खेप घातली आणि मिक्सरचा आवाज एकदम जाड झाला. जास्त लोड आला की खालचं लाल बटण सुटून मिक्सर आपोआप बंद व्हायला हवा होता, तसं झालं नाही. मी हात पुढे करेपर्यंत धूर आला. मिरचीचा खाट आणि जळक्या तारेचा वास एकत्र झाला आणि सगळ्याजणी खोकत बाहेर पळालो.

सासूबाई पुन्हा आत गेल्या, तोंडाला पदर लावून त्यांनी मिक्सर बाहेर आणला आणि पायरीवर ठेवला. 

“ह्याच्यावर तुझ्या आजीचंच नाव हाय न्हवं?” एवढंच त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. शेजारणींपैकी एकीने राहिलेली मिरची गिरणीत नेली आणि चटणी त्या संध्याकाळी पुरी झाली. टोमणा कोणी मारला नाही. मारला असता तर मला उत्तर तरी देता आलं असतं.

मी आप्पांना फोन केला. ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने निपाणीला आले. हातात हत्यारांची जुनी पिशवी होती. चहा नंतर घेतो म्हणाले आणि पायरीवरच बसले. मिक्सरला स्क्रू नव्हते. बॉडी खालून चिकटवलेली होती, उघडायची सोयच ठेवलेली नव्हती. आप्पांनी ती फोडली. मोटर बाहेर काढून त्यांनी जळलेली तार चाकूने खरवडली. वरून तांब्यासारखी दिसणारी तार आतून पांढरी निघाली. ॲल्युमिनियम, स्वस्तातलं आणि लवकर जळणारं. ते त्यांना आधी ठाऊक होतं की नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही. सासूबाई दारात उभ्या होत्या.

“विहीणबाई, नाव आमच्या आईचं हाय,” आप्पा म्हणाले. “माल आमचा न्हाय.”

“मग नाव कशाला लावलासा?”

“माणसं नाव बघून घेत्यात म्हणून.”

 सासूबाईंनी त्यांना जेवायला थांबवून घेतलं, कालचीच चटणी भाकरीबरोबर वाढली. आप्पांनी दोनदा मागून घेतली.

मला आप्पांचा राग आला होता, तो चटणी वाया जायची वेळ आली म्हणून नव्हे. हा माल चटणीला टिकणारा नाही हे त्यांनी मला आधी सांगायला हवं होतं, असं वाटत राहिलं. दुसऱ्या एखाद्या चांगल्या कंपनीचा मिक्सर त्यांना सहज घेता आला असता. नंतर कधीतरी हे मी काकूंजवळ बोलले. काकू म्हणाल्या की घरच्या पोरीच्या रुखवतात दुसऱ्याचा मिक्सर मांडला असता तर सगळ्या बेळगावाला कळलं असतं. ते आप्पांच्याने झालं नसतं.

नणंदेकडून जुना मिक्सर परत मागायचा विषय घरात निघाला. तिने फोनवर हसत सांगितलं की आईला म्हणावं, सोन्याचं काय पाहिजे ते माग, मिक्सर मिळणार न्हाय.

पुढच्या महिन्यात आप्पांनी मला शेडवर बोलावलं. माळ्यावर जुन्या ओतीव बॉडी पडून होत्या, त्यांतली एक त्यांनी काढून घासली होती. वाइंडिंगच्या बायकांतली सगळ्यात जुनी, जिला आम्ही आक्का म्हणायचो, ती बेळगुंदीहून आली होती. कारखाना सुटल्यापासून ती रताळ्याच्या शेतात आणि दोन म्हशींच्या मागे असायची. वाइंडिंगच्या मशीनवर बसली तेव्हा तिने आधी चष्मा लावला, मग काढला, मग पुन्हा लावला. पहिली कॉइल बिघडली. दुसरी जमली. आप्पा शेजारी उभे राहून तार सोडत होते. दोघं कामाबद्दल बोलत नव्हते, आक्काच्या सुनेच्या बाळंतपणाबद्दल बोलत होते.

तो मिक्सर मी निपाणीला नेला. झाकण नीट बसत नव्हतं, कारण त्या मापाची झाकणं आता मिळत नव्हती. वरून हाताने दाबून धरावं लागायचं. पण मिरची तो न कुरकुरता फिरवत होता. शेजारणींनी तो बघितला आणि दोघींनी आपल्यालाही असाच पाहिजे म्हणून सांगितलं. आप्पांनी असा एकेक सुटा बनवायला किती पैसे पडतील ते कळवलं. त्यावर एकीने विषयच बदलला. दुसरीने स्पष्ट सांगितलं की एवढ्यात दुकानातले तीन येतात, जळला तर जळला.

आप्पांनी मग एक केलं. खोक्यांतल्या मालावर आजीचं नाव लावणं त्यांनी बंद केलं. दिल्लीकडच्या छापील नावानेच मिक्सर दुकानांत जाऊ लागले. गिऱ्हाइक तुटेल, दुकानदार भांडतील, अशी घरात सगळ्यांची धास्ती होती. आप्पांचीही असावी. तसं काही झालं नाही. खप होता तेवढाच राहिला. आजीचं नाव कुठे गेलं, असं कोणी विचारलंसुद्धा नाही. माझ्या मते आप्पांना धुरापेक्षा हे जास्त लागलं. वर्षभराने त्यांनी तो व्यवहारही सोडला.

शेड आता भाड्याने दिली आहे. ऑनलाइन मागवलेली पार्सलं तिथे उतरतात आणि गाड्यांवरून गावात जातात. भाडेकरूचं सामान यायच्या आधी वाइंडिंगची मशीनं भंगारवाला घेऊन गेला तेव्हा मी माहेरी होते, म्हणून आप्पांबरोबर गेले. ते आत आले नाहीत. मशीनं बाहेर निघेपर्यंत ते फाटकाशी उभे राहून नव्या भाडेकरूला सांगत होते की मागच्या नळाचा वायसर खराब आहे, तो आधी बदलून घ्या, न्हायतर टाकीतलं पाणी दुपारपर्यंत पुरत न्हाय.