सुकडीचं फडकं

एका सोमवारी नगरच्या सिव्हिल हॉस्पिटलात डॉक्टरांनी ह्यांचा एक्स-रे खिडकीशी धरला आणि टी.बी. आहे असं सांगितलं. टी.बी. म्हणजे क्षय. तेव्हा ह्यांना काम नव्हतं.

हे छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवत. दुष्काळात लग्नं पुढे गेली, पत्रिका छापून घ्यायला कोणी येईना, मालकांनी छापखाना बंद केला. खोकला आधीपासून होता. शिशाच्या धुळीचा असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

काम सुटलेल्यालाही सिव्हिलमध्ये औषध फुकट मिळे. स्ट्रेप्टोमायसिन, म्हणजे क्षयाचे जंतू मारणारं इंजेक्शन, रोज घ्यायचं. शिवाय गोळ्या. डॉक्टर म्हणाले, "दूध, अंडी, पोटभर जेवण. खोकला थांबला तरी औषध सोडायचं नाही."

कामावर कधी जाता येईल, असं मी विचारलं.

"जड काम इतक्यात नको. धुळीचं तर मुळीच नको."

दूध-अंडी कुठून आणायची, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

नगरची खोली सोडून आम्ही खर्ड्याला, ह्यांच्या गावी आलो. तिथल्या सरकारी दवाखान्यात इंजेक्शन मिळू लागलं. कंपाउंडर ह्यांच्यासाठी बाटली राखून ठेवी. त्याचे उपकार मी विसरणार नाही. हळूहळू खोकला थांबला. हे आमच्या कुसुमला अक्षरं गिरवायला शिकवू लागले.

घरातली ज्वारी संपली, तेव्हा हे रस्त्याच्या दुष्काळी कामावर गेले. हजेरी लिहायचं काम मागितलं. मुकादम म्हणाला, "लिवनारे लई हायती, मास्तर. हातुडा घ्या."

हजेरी सकाळी आणि इंजेक्शनही सकाळीच. हजेरी चुकली की त्या दिवशी काम नाही. ह्यांनी इंजेक्शन सोडलं. मी भांडले, तर म्हणाले, "अगं, तिथे सुकडी देतात. डॉक्टरांनी खायला सांगितलंय ना? मग ते तिथेच मिळतंय."

सुकडी म्हणजे कामावरच्या मजुरांना वाटत ते गोडसर, पौष्टिक खाणं.

संध्याकाळी हे फडक्यात बांधून सुकडी आणत. "मला पुरून उरली," म्हणत. कुसुम आणि मी खात असू.

पुढे एका दुपारी खडी फोडताना ह्यांच्या तोंडातून रक्त आलं. डॉक्टर त्याला हिमॉप्टिसिस म्हणतात, म्हणजे फुफ्फुसातलं रक्त खोकल्यावाटे पडणं. एस.टी.नं नगरला नेलं. तेच डॉक्टर होते. म्हणाले, "औषध मध्येच सुटलं की आजार उलटतो, बाई. आणि अंगात काही उरलेलंच नाही." हे त्या वॉर्डातच वारले.

दहाव्याला गोदाआक्का आली. ती ह्यांच्या शेजारी बसून खडी फोडायची. म्हणाली, "वैनी, मास्तरांनी सुकडी कदी तोंडात घातली न्हाई. मिळाली की फडक्यात. आमी चिडवायचो, वैनीचं लई भ्या वाटतं व्हय? नुसते हसायचे."

ज्यांच्या घरी हा आजार येईल, त्यांच्यासाठी लिहिते. खोकला थांबला म्हणजे आजार गेला असं नाही. इंजेक्शन चुकवू देऊ नका. आणि आजारी माणूस जेवलो म्हणाला, तरी त्याला समोर बसवून वाढा.

आता रस्त्याच्या कामावर मी जाते. दवाखान्यात कुसुमला तपासलं. तिला काही नाही. तिचं वजन वाढलं आहे.