साडेआठ हजारांची आरामखुर्ची

बँकेत मी रोज ग्राहकांना बजावतो, खात्याला मोबाईल नंबर नीट जोडा. आमच्या दोघांच्या खात्याला बायकोचा नंबर मीच जोडला होता, आणि नेमकं तेच विसरलो.

बदली होऊन जयपूरला आल्यापासून आमचा एक नियम आहे, पाच हजारांवरचा खर्च एकमेकांना विचारूनच करायचा. मालवीय नगरात एक शिसवी आरामखुर्ची दिसली आणि नियम आठवला तो पैसे दिल्यावर. खुर्ची घरी आणून म्हटलं, "अगं, तीन हजारांत मिळाली. दुकानवाल्या भैयाने खूप कमी केले."

"हो का? फारच भला माणूस!" म्हणत तिने फोन पुढे केला. साडेआठ हजार गेल्याचा मेसेज माझ्याआधीच घरी पोचला होता.

"परत करतो," मी पुटपुटलो. खोटं उघडं पडल्यापेक्षा खुर्ची जाणार याचंच मला जास्त वाईट वाटत होतं.

ती खुर्चीत बसली, मागे रेलली आणि तिने डोळे मिटले.

"परत कशाला? अहो, विचारलं असतंत तर मी हो म्हणाले असते. आता तुमच्या तीन हजारांत तुम्ही रविवारी बसा. वरच्या साडेपाच हजारांत बाकीचे सहा दिवस मी बसते."