गोलकीपरचं ताट

ताटं वाटत वाटत काकू माझ्यापाशी आल्या आणि थांबल्या. त्यांच्या हातात अजून ताटं होती. मला दिसत होती. स्टीलची, काठावर नाव टाकलेली. त्यांनी आतल्या दाराकडं तोंड करून हाक मारली, "अवं, ते आन वं हिच्यासाठी."

'ते' आलं. चंदेरी कागदाची प्लेट. वाढदिवसाला केक देतात तसली.

"ताटं कमी पडली ना बाई," काकू म्हणाल्या आणि माझ्या पलीकडच्या मुलींना ताटं वाटत पुढं गेल्या. शेवटी दोन उरली. ती त्यांनी परत आत नेली.

घर डोणगावातलं, आमच्या कॅप्टनचं, ऋतुजाचं. काकू म्हणजे तिची आई. वडील आमच्या कॉलेजच्या संस्थेचे संचालक. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, घरातलेसुद्धा. त्या दिवशी आम्ही लॅक्रॉसची पहिली स्पर्धा जिंकलो होतो, म्हणून टीमला जेवण होतं. मी गोलकीपर. टीममध्ये एकटी बौद्ध. दारातच काकूंनी प्रत्येकीला आडनाव विचारलं होतं. मला वाटलं, कौतुकानं विचारतायत.

रोडगे होते आणि तर्रीदार वांगं. कागद लगेच ओला झाला. मी डाव्या हातानं खालून आधार देत जेवले. शेजारी वैष्णवी होती, देऊळघाटची, माझ्या गोलपुढं बचावाला खेळणारी, माझी मैत्रीण. तिनं माझ्या प्लेटकडं एकदा पाहिलं. मग रोडगा खायला लागली. इतक्या एकाग्रतेनं रोडगा खाताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

रात्री जानेफळला घरी गेले. आई अंगणवाडीत सेविका आहे. तिनं विचारलं, "काय जेवली?"

"वांगं, रोडगे."

"आन् ताट कायचं होतं?"

मी म्हणाले, "स्टीलचं."

"बरं झालं," आई म्हणाली आणि झोपायला गेली. आमच्याही घरी ताटांवर नाव आहे. तिचं.

हा खेळ आमच्याकडं कसा आला ते सांगते. आमचे क्रीडाशिक्षक एका प्रशिक्षणाला गेले आणि येताना जाळीच्या काठ्या घेऊन आले. ज्या खेळात संघ कमी, त्यात पदक लवकर, असा त्यांचा हिशेब. तो त्यांनी लपवला नाही, एवढं श्रेय त्यांना दिलं पाहिजे. काठीच्या टोकाला जाळी, जाळीत बॉल झेलायचा, पळायचं, समोरच्या गोलात फेकायचा. बसस्टँडवर आमच्या काठ्या पाहून लोक विचारायचे, "काऊन वं पोरीहो, मासे धराले चालल्या काय?"

बॉल ठोस रबराचा. मांडीला लागला तर आठवडाभर निळं-हिरवं दिसतं. गोलात उभं राहायला कुणी तयार होईना. तेव्हा ऋतुजा म्हणाली, "सर, इले उभी करा ना. हे लोक काटक असतात." मला ती स्तुती वाटली. माणसाला स्तुतीची सवय नसली की असं होतं.

पण गोलात उभं राहिल्यावर कळलं, अख्खं मैदान फक्त तिथूनच दिसतं. बाकीच्यांना बॉल दिसतो, गोलकीपरला खेळ दिसतो. म्हणून तिनं सतत ओरडायचं असतं. बॉल कुठं आहे, कोण मोकळी सुटली. मी ओरडायचे, "डावीकडून येऊन राह्यली! वैष्णवी, धर तिले!" आणि वैष्णवी धरायची. ऋतुजासुद्धा माझ्या आवाजावर वळायची. मैदानावर माझं सगळ्या ऐकायच्या. मैदानाबाहेर मी काही बोलले की हेल्मेट काढायचं विसरल्यासारखं वाटायचं. आवाज माझ्याच कानात.

डोणगावच्या जेवणानंतर मी सरांकडं गेले. जयंतीच्या दिवशी आमच्या कॉलेजात सगळ्यात लांब भाषण सरांचं असतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "टीम म्हणजे कुटुंब आहे," ते म्हणाले. "कुटुंबात इतक्या लहान गोष्टी मोजायच्या नसतात." गोष्ट इतकी लहान होती, तर ती मला द्यायला जड का गेली, हे विचारायचं राहून गेलं. वैष्णवी म्हणाली, "मनावर नको घेऊ बे. जुने लोक हायेत." काकू माझ्या आईपेक्षा लहान असतील.

त्यानंतर सराव तसाच चालू राहिला. मी लवकर जायचे, एकटीच पॅड बांधायचे, पाठीचे पट्टे भिंतीला टेकून ओढायचे. आधी ते वैष्णवी बांधून द्यायची. तिनं नाही म्हटलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं.

मग अमरावती. विद्यापीठाची स्पर्धा. आधीच्या वर्षी तिथं आमचा इतका दारुण पराभव झाला होता की परतीच्या गाडीत कुणी गाणी म्हटली नव्हती. या वेळी आम्ही अंतिम सामन्यात पोचलो आणि एका गोलनं जिंकलो. शेवटचा बॉल मी छातीवर घेतला. शिट्टी वाजली. सगळ्या ऋतुजाकडं धावल्या, तिला उचललं. मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, गोलात, छाती चोळत उभी. समोर हरलेल्या मुली होत्या. त्या रडत रडत आधी त्यांच्या गोलकीपरकडं गेल्या. प्रत्येकीनं तिच्या हेल्मेटला कपाळ लावलं. या खेळात तशी पद्धत आहे म्हणे. आमच्याकडं काठ्या आल्या होत्या, पद्धत आली नव्हती.

निवड समितीतल्या एक बाई मात्र चालत माझ्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, "शिबिराला ये. विद्यापीठाच्या संघात मला तू हवी आहेस. कॉलेजकडून नाव येऊ दे." इतकंच. पण त्या दिवसापासून मला दुसरं काही नको होतं.

डोणगावला पुन्हा जेवण ठरलं. या वेळी रस्त्यावर फ्लेक्स. त्यावर भाऊसाहेब, आणि आमचे चेहरे साधारण त्यांच्या मिशीएवढे. माझा तर हेल्मेटमधला. दारात ऋतुजानं मला बाजूला घेतलं. "आज सगळ्यायले सारख्याच प्लेटा हायेत. मीच मम्मीले सांगतलं. आता तं झालं ना तुह्यं समाधान?"

ती खरंच खूश होती. तिला वाटत होतं, तिनं माझ्यासाठी काही केलं.

आत पंगत बसली होती. प्रत्येकीपुढं कागदाची प्लेट. वर, खुर्च्यांवर, भाऊसाहेब आणि सर. त्यांच्यापुढं स्टीलची ताटं. स्वयंपाकघराच्या फळीवर बाकीची ताटं ओळीनं उभी, घासूनपुसून. त्यांना माझा हात लागू नये म्हणून अख्खी टीम कागदावर बसवली होती. याला समता म्हणायचं होतं.

मागून कुणीतरी हळूच बोललं, "इच्यामुळं आपल्यालेही कागदावर जेवा लागून राह्यलं."

मी उभी राहिले.

"काकू, मले स्टीलचं ताट द्या."

"सगळ्यायले हेच हाये ना बाई."

"हाव. माह्यामुळंच हाये. म्हणून म्हणते, सगळ्यायले स्टीलचं द्या."

"काऊन तमाशा करून राह्यली बे?" ऋतुजा म्हणाली. तिचा चेहरा पडला होता.

"घासाले बाई नाही आज," काकू म्हणाल्या. "तू घासशीन काय मंग?"

"नाही घासणार. पाहुणी आहो मी. पाहुण्यायले ताटं घासाले लावता काय?"

भाऊसाहेब खुर्चीतून बोलले, सभेत बोलतात त्या मराठीत. "पोरी, अन्नाचा अपमान करू नये."

"अन्नाले काही म्हणत नाही भाऊसाहेब. ताटाचं बोलते."

सर त्यांच्या ताटातल्या पुरीकडं पाहत होते. मी वैष्णवीकडं पाहिलं. मैदानावर मी नुसतं नाव घेतलं की ती वळायची. मी नाव घेतलं. ती वळली नाही.

मी चपला घालून बाहेर आले. मागून कुणी आलं नाही. स्टँडवर काळीपिवळी जीपची वाट पाहत किटच्या पिशवीवर बसले. अपमानानं भूक मरते असं पुस्तकांत वाचलं होतं. मरत नाही. मी भजे घेतले, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर. भजेवाल्यानं आडनाव विचारलं नाही.

या वेळी आईला खरं सांगितलं. मागच्या वेळचंही. तिनं जवळ घेतलं नाही, शाबास म्हणाली नाही. एवढंच विचारलं, "आता तुले खेळू देतीन?"

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. शिबिराची नावं पाठवायची होती. "भाऊसाहेब दुखावलेत," ते म्हणाले. "एकदा जाऊन 'चुकलं' म्हण. मी लगेच नाव पाठवतो."

"काय चुकलं सर?"

"तुला माहीत आहे."

"तुम्ही सांगा. मी तेच शब्द त्यांना सांगते."

सरांनी मग आवाज मऊ केला. "हे बघ, माफी नको वाटत असेल तर तूच सांगून टाक, अभ्यासामुळं जमत नाही. सगळ्यांना सोपं जाईल."

तिथं मला सगळं कळलं. त्यांना मी नको आहे, पण मला काढल्याचं कारण त्यांना तोंडातून काढायचं नाही. ते कामही मीच करायचं. मीच मला काढायचं, वर कारणही मीच शोधून द्यायचं.

"अभ्यास जमतो सर," मी म्हणाले आणि बाहेर आले.

नाव अजून गेलेलं नाही. जाईल असं वाटत नाही. वैष्णवीचा फोन नाही, कुणाचाच नाही. क्रीडा खोलीला कुलूप आहे, माझं हेल्मेट आत आहे. उद्या सकाळी मी मैदानावर जाणार. हेल्मेट मिळालं तर घालून, नाही तर तशीच गोलात उभी राहणार. परवाही. मी माफी मागणार नाही, आजारी पडणार नाही, माझ्या अभ्यासाचं नाव पुढं करणार नाही. टीम मी सोडणार नाही. मला काढायचं असेल तर सरांनी मैदानाच्या मधोमध यावं, सगळ्या मुलींसमोर उभं राहावं आणि का काढलं ते मोठ्यानं सांगावं. मला पार गोलापर्यंत ऐकू आलं पाहिजे.