एका फोनपुरती ओळ

हमीद तांबोळी कोणतेही काम दोनदा हाताने करीत असे. तिसऱ्या वेळी त्या कामाची कायमची व्यवस्था लावून टाकीत असे. येरवड्यात सरकारी कचेरीच्या भिंतीलगत माझे अर्जलेखनाचे टेबल आहे. त्याच्या बरोबर समोर हमीदचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान होते. "फोन पाण्यात पडला हो" अशी सुरुवात करून सगळा प्रसंग वर्णन करणारी गिऱ्हाइके त्याने दोन ऐकून घेतली. तिसरे आले तेव्हा काचेवर पाटी लागलेली होती : "फोन भिजला एवढेच सांगावे. कसा भिजला, हे सांगू नये." पाटीच्या मजकुराला अंतिम रूप मी दिले होते. त्याने आधी "स्टोरी नको" असे लिहिले होते, ते मला प्रशस्त वाटले नाही.

माझे शिक्षण नववीपर्यंत झाले आहे. तथापि वारसनोंदीपासून नळजोडापर्यंत सर्व प्रकारचे अर्ज माझ्या हातून गेले असून भाषेतील त्रुटीमुळे आजवर एकही परत आलेला नाही. कचेरीतल्या शिपायांना याची जाण नाही. ते मला "ओ काका" म्हणतात. हमीद मात्र पहिल्या दिवसापासून मला "जगदाळेसाहेब" म्हणत असे.

तो पूर्वी हिंजवडीत एका कंपनीत होता. "नोकरी चांगली होती साहेब, पण ती बसमध्येच जास्त झाली," असे म्हणून त्याने ती सोडली. त्याचा खरा ध्यास निराळाच होता. कंपन्या जुन्या फोनांची देखभाल बंद करतात. फोन धडधाकट असूनही निकामी ठरतो. अशा फोनांसाठी हमीद स्वतः नवी ऑपरेटिंग सिस्टीम तयार करी. मूळ प्रणाली फुकट मिळते, ती त्या त्या फोनाच्या मापाने बेतावी लागते, असे तो सांगे. "कंपनी म्हणते मेला. मी म्हणतो, नाडी तर लागतीय." अशा बेतलेल्या प्रणालीला तो बिल्ड म्हणे. प्रत्येक फोनाचे बिल्ड वेगळे, आणि एकेका बिल्डला पाच-पाच तास लागत. आधी तो एकामागून एक आज्ञा टाइप करीत बसे आणि चौथ्या तासाला एक चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. असे दोनदा झाल्यावर त्याने शेल स्क्रिप्ट लिहिली. ती काय वस्तू आहे, हे त्याने मला माझ्याच भाषेत समजावले.

"तुम्ही नाव-गाव कोरं सोडून अर्जाचा नमुना करून ठेवता ना? हा तसाच. फक्त हा नमुना स्वतः कचेरीत जातो, रांगेत उभा राहतो आणि शिक्का मारून घेऊन परत येतो."

एक कळ दाबून तो चहाला निघून जाई. यंत्राकडे लक्ष नको का, असे मी एकदा विचारले. "बघत बसल्यानं लवकर होतं का? तुमच्या कचेरीत इतकी माणसं बघत बसलेली असतात," हे त्याचे उत्तर.

एके दिवशी तो माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "साहेब, माझ्या फोनांतलं मराठी कच्चं आहे. तुम्ही हात फिरवाल?" इतक्या वर्षांत मला असे कोणी विचारले नव्हते. तेव्हापासून दर महिन्याला तो नव्या वाक्यांची यादी आणून देई. मी आखीव कागदावर शाईने मजकूर लिहून देई आणि तो एकेक अक्षर टाइप करून घेई व माझ्या फोनात नवे बिल्ड भरून देई. फोन सुरू होताना दिसणारे "कृपया प्रतीक्षा करावी, आपला विषय विचाराधीन आहे" हे माझे. बॅटरी संपत आल्यावर येणारे "विद्युतभार अत्यल्प असून तातडीने कार्यवाही अपेक्षित आहे" हेही माझे. फोनाच्या माहितीच्या पानावर तळाशी ओळ होती : "मराठी मजकूर : पां. ना. जगदाळे, अर्जलेखक, येरवडा." ती मी पत्नीस दाखविली. वारज्याच्या जावयास दोनदा दाखविली. दोन वर्षे माझी अशी दृढ समजूत होती की, हमीदने जिवंत केलेला फोन ज्याच्या खिशात आहे, त्याच्या खिशात माझे शब्द आहेत.

परक्या फोनाला हात न लावण्याची माझी शिस्त आहे. ती एकदाच मोडली. खराडीकडच्या वत्सलाबाई वारसनोंदीच्या अर्जासाठी आल्या होत्या. तलाठ्याचा मेसेज वाचून दाखवा म्हणून त्यांनी फोन माझ्या हाती दिला. तो बंद पडलेला होता. सुरू केला तेव्हा पडद्यावर अक्षरे आली : "थोडं थांबा, होतंय."

"बाई, हा फोन हमीदने केलेला आहे ना?"

"त्यानंच की. लई चांगला चालतोय."

"मग हे शब्द कोणाचे?"

"कुनाचे असनार? फोनातच हायेत. आदुगर भलतंच काय यायचं बगा, विचाराधीन का काय. मला वाटलं, जमिनीचा निकालच लागला फोनवर! रडतच गेले हमीदकडं. त्यानं बदलून दिलं."

मी अर्ज अर्ध्यावर ठेवून रस्ता ओलांडला. हमीदने काहीही नाकारले नाही. त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळविला. इंग्रजी अक्षरांच्या गर्दीत माझे आडनाव दिसले.

"काय लिहिले आहे इथे?"

"जर फोन जगदाळेसाहेबांचा असेल, तर जगदाळेसाहेबांचे शब्द. नाहीतर साधे."

"एकट्या माझ्या फोनात?"

"पहिल्याच महिन्यात सात-आठ जण आले हो. एकानं तर 'कार्यवाही' वाचून फोन कपाटात कुलूपबंद केला."

"मग मला सांगावयाचे."

"दोनदा आलो होतो सांगायला. दोन्ही वेळा तुम्ही पुढचे शब्द लिहीत बसला होता. तिसऱ्यांदा ही ओळ लिहून टाकली."

"आणि आपण दोन वर्षे माझे कागद घेत राहिलात." मी त्याला 'आपण' प्रथमच म्हणालो. त्याच्या ते ध्यानात आले.

"घेतले आणि टाइप केले साहेब. एक काना गाळला नाही. दर महिन्याला तुमच्यासाठी वेगळं बिल्ड होतं. पाच तास मशीन चालतं."

हे तो उपकार केल्यासारखे बोलला नाही. बोलला असता तर मला भांडता आले असते. अर्ज फेटाळल्यास तसे कळविण्याची रीत सरकारही पाळते. इथे माझा अर्ज पहिल्याच महिन्यात फेटाळला गेला होता आणि पुढे दोन वर्षे मला मंजुरीच्या प्रती मिळत होत्या.

"ती ओळ काढा," मी म्हणालो.

"साहेब, विचार करा."

"काढा."

दुकानात दोन गिऱ्हाइके उभी होती. त्यांच्या देखत त्याने ओळ पुसली व कळ दाबली. त्या दिवशी तो चहाला गेला नाही, यंत्राकडे बघत बसून राहिला. दुसऱ्या दिवशी माझ्या फोनावर "थोडं थांबा, होतंय" आले. माहितीच्या पानावर तळाशी काही नव्हते.

त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही. पुढे रस्तारुंदीकरणात दुकान गेले आणि त्याने वारज्यात गाळा घेतला. निघताना तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. "येतो साहेब," म्हणाला. मी एका अर्जाचा मायना लिहीत होतो. ओळ पूर्ण झाल्यावर मान वर करावी, असे मी ठरविले. ओळ पूर्ण झाली तेव्हा समोर वत्सलाबाई होत्या.

हमीदशी बोलणे का तुटले, असे लोक विचारतात. त्याने माझा विश्वासघात केला, असे मी सांगतो आणि त्यातला एकही शब्द मागे घेण्याची माझी तयारी नाही. मात्र इतक्या कष्टाने, दर महिन्याला माझे अक्षर लावून, फक्त माझ्या एकट्यासाठी फसवणूक तयार करणारा माणूस मला पुन्हा भेटलेला नाही. बाकीचे मला येता-जाता फसवितात.