जिल्हा नदिया, मुक्काम टार्निट

"इसको नदी बोलता है?" गाडीच्या काचेवर बोट आपटून दादा रोज विचारायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे. "हमारे जिले में इसको कोई नदी नहीं बोलेगा."

पुलाखाली वेरिबी नदी हा अपमान मुकाट्याने गिळून वाहत असायची.

हे बंगाली दादा आणि मी मेलबर्नजवळच्या टार्निटला एकाच स्ट्रीटवर राहायचो, एकाच कंपनीत नकाशे करायचो आणि पेट्रोल वाचावं म्हणून एकाच गाडीने जायचो. पेट्रोल वाचायचं, पण मला रोज बंगालमधला नदिया जिल्हा फिरून यावं लागायचं. जलंगी आणि चूर्णी या नद्या, शांतिपूरचे माग, कृष्णनगरच्या मातीच्या बाहुल्या, सायीवर साय रचून केलेली सरपुरिया. साचलेल्या पाण्यात कुजत घातलेल्या तागाचा वास ते इतक्या प्रेमाने सांगायचे की मला दुपारचा डबा नकोसा व्हायचा.

बंगाली म्हणजे कलकत्त्याचे, असं आपण धरून चालतो. तसं कुणी म्हटलं की दादा मनापासून दुखावायचे. "कोलकाता शहर है. मैं जिले का आदमी हूँ."

घरी त्यांना श्रोता नव्हता. नर्स असलेली बायको "एबार थामो," म्हणजे आता थांबा, एवढंच म्हणायची. मुलगी फोनवरून नजर न काढता म्हणायची, "डॅड, नोबडी आस्क्ड."

आम्ही मराठी मंडळी त्यांच्या पाठीमागे हसायचो. आम्ही बहुतेक पुण्याचे. दुसऱ्या कुणी आपल्या गावाचं कौतुक केलं की आम्हाला ते जरा असभ्य वाटतं.

एकदा आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला ठरलेला वक्ता आयत्या वेळी आजारी पडला. सेक्रेटरीने दादांना गळ घातली. "बंगालवर बोला. थोडक्यात."

"बंगाल बहुत बड़ा है," दादा म्हणाले. "जिला बोलूँगा."

पहिलं वाक्य त्यांनी माझ्याकडून मराठीत पाठ करून घेतलं. इस्त्रीचा कुर्ता घालून ते उभे राहिले. "नमोश्कार. आज आपण नोदिया जिल्हा पाहू." टाळ्या पडल्या. मग हिंदीत जमिनीचे प्रकार सुरू झाले. गाळाची जमीन संपेपर्यंत अर्धा हॉल बटाटेवड्यांच्या टेबलाशी गेला होता. नद्या संपल्या तेव्हा उरलेलाही गेला.

पहिल्या रांगेत साताऱ्याच्या एक आजी तेवढ्या ताठ बसून होत्या. मुलाकडे काही महिन्यांसाठी आलेल्या. सगळी नोकरी प्राथमिक शाळेत, तिसरीच्या पोरांना 'आपला जिल्हा' शिकवण्यात गेलेली. दादा पाणी प्यायला थांबले तेव्हा त्यांनी हात वर केला.

"जमीन झाली, नद्या झाल्या, पिकं झाली. लोक राहिले. लोक काय करतात?"

मी हिंदीत सांगितलं. दादांनी सवयीने सुरुवात केली. "ताँत चलाता है," म्हणजे माग. मग थांबले. "चलाता था. अभी लड़का लोग केरल जाता है, मिस्त्री के काम में. कोई गुजरात, कोई दुबई." पडद्यावर भाताच्या शेताचा फोटो होता, त्याच्याकडे पाहत म्हणाले, "मेरा बड़ा भाई नहीं गया. अकेला है. आँख से दिखता नहीं ठीक से."

इतक्या वर्षांत हा भाऊ मी पहिल्यांदा ऐकत होते.

"मग तुम्ही जाऊन या," आजी म्हणाल्या. वर्गातल्या मुलाला पाणी पिऊन ये म्हणावं, तितक्या साधेपणाने. त्यांचा मुलगा मागे वड्याची प्लेट घेऊन उभा होता. तो प्लेटकडेच बघत राहिला.

दादा महिन्याभरासाठी गेले. भावाच्या मोतीबिंदूकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसरा हातचा गेला होता. रजा वाढली, मग नोकरी सुटली. मुलीचं बारावीचं वर्ष म्हणून मायलेकी इथेच राहिल्या.

"कैसे हैं दादा?" एकदा कचऱ्याचा बिन आत घेताना मी त्यांच्या बायकोला विचारलं.

"चुप है," ती म्हणाली. "उधर किसको बताएगा जिला? सबको मालूम है." ती हसली, आणि बिनचं झाकण उगीचच दोनदा लावलं.

मी आता एकटीच गाडी चालवते. रेडिओ लावते. रेडिओवर फक्त मेलबर्नच्याच बातम्या असतात.

मध्ये एका रविवारी दादांच्या बायकोने मला व्हिडिओ कॉलवर बोलावलं. ओसरीवर दादा भावाला भरवत होते, माशातला काटा न् काटा काढून. वाळलेले दिसले, पण चेहरा निवांत. मी जलंगीला पाणी किती आहे विचारलं, तर "है, है," म्हणून त्यांनी विषय संपवला.

भावाने आवाजाच्या दिशेने मान वळवून काहीतरी विचारलं.

"पूछता है, आपके उधर क्या फसल होता है," दादा म्हणाले.

मी खिडकीबाहेर पाहिलं. आम्ही राहायला आलो तेव्हा पलीकडे शेतं होती. त्यांत काय पिकायचं, हे मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं. आता तिथे नव्या प्लॉटच्या खुंट्या ठोकलेल्या होत्या, क्षितिजापर्यंत.

"घरं," मी म्हटलं. "घर होते हैं, दादा."

दादांनी ते बंगालीत सांगितलं. म्हाताऱ्याने घास चावून संपवला आणि पुन्हा काहीतरी विचारलं.

"पूछता है," दादा अगदी गंभीरपणे म्हणाले, "साल में कितना बार?"